दोन गांवचा पट आणि मधला जासूद

बुद्धिबळ हा दोघांचा खेळ आहे, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. एक पट, दोन रंगांचीं मोहरीं आणि समोरासमोर मांडी घालून बसलेले दोन खेळाडू. येथें फांसा नाहीं, पानें पिसणें नाहीं, वाऱ्यापावसाची बाधा नाहीं. जें कांहीं घडावयाचें तें चौसष्ट घरांत आणि दोन डोक्यांत. दैवाला ज्यांत जागा नाहीं असा हा खेळ, अशी त्याची थोरवी सांगण्यांत येते. परंतु हे दोघे खेळाडू एका खोलींत नसून दोन गांवीं असले, तर ही थोरवी कितपत टिकते? त्यांच्या खेळ्या इकडून तिकडे पोंचविणारा तिसरा कोणी तरी मग मध्यें येतो. आपल्या इतिहासांतील शब्द घेऊन त्याला आपण जासूद म्हणूं. हा जासूद वाटेंत अडखळला, तर त्याचा दंड कोणीं भरावा?

३० ऑगस्ट २०२० या दिवशीं हा प्रश्न साऱ्या जगापुढें उभा राहिला. त्या दिवशीं पटावर आपल्या देशाचा संघ होता. संघाचा कर्णधार विदित गुजराथी हा नाशिकचा. आणि ज्या दोन खेळाडूंचे डाव ऐन मध्यावर तुटले, त्यांतील एक दिव्या देशमुख ही नागपूरची चौदा वर्षांची मुलगी. त्या दिवसाची हकीकत सांगण्यापूर्वीं त्यामागचा पावणेदोनशें-दोनशें वर्षांचा इतिहास श्रोत्यांपुढें ठेवणें अवश्य आहे. कारण तो प्रश्न त्या दिवशीं जन्माला आला नव्हता. फक्त त्याचें उत्तर पुढें ढकलणें त्या दिवशीं अशक्य झालें.

या इतिहासाचा एक धागा आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतून जातो. नाशिकाहून नागपुरास जाणारी आगगाडी घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगांव या स्थानकांवरून पुढें अकोल्याकडे वळते. १८६७ सालीं हा लोहमार्ग नागपुरास जाऊन भिडला, आणि रुळांच्या सोबतीनें तारेचे खांबहि उभे राहिले. पुढें १८७० सालीं जलंबपासून खामगांवपर्यंतचा सुमारें आठ मैलांचा फांटा खुला झाला. आणि त्याच वर्षीं मुंबई व इंग्लंड यांना सुवेझमार्गें जोडणारी समुद्राखालची तारहि पुरी झाली. खामगांव ही त्या काळीं वऱ्हाडांतील कापसाची मोठी पेठ. सातासमुद्रांपलीकडच्या बाजारचा भाव वेळेवर कळणें म्हणजे काय, हें तेथील व्यापाऱ्याला कोणीं शिकवावयास नको होतें. भावाची तार मागें पडली तर नुकसान व्यापाऱ्याचें, तारखात्याचें नव्हे. ही नुसती रूढि नव्हती, कायदाच तसा होता. १८८५ च्या इंडियन टेलिग्राफ ॲक्टांत, संदेश घेण्यांत, पाठविण्यांत किंवा पोंचविण्यांत तारखात्याच्या नोकराची चूक झाली तरी त्यापायीं होणाऱ्या नुकसानीस सरकार जबाबदार नाहीं, असें स्पष्ट कलम होतें. जासूद आपली मजुरी घेईल, परंतु निरोप हरवला तर भरपाई देणार नाहीं, हा त्या व्यवहाराचा पाया. आपल्या देशांतील तारसेवा २०१३ सालीं बंद झाली. पण हा पाया मात्र नव्या जासुदांनींहि जसाच्या तसा उचलला.

आतां पटाकडे वळूं. व्यापाऱ्यांच्या पाठोपाठ, आणि कधीं कधीं त्यांच्याहि आधीं, बुद्धिबळपटूंनीं प्रत्येक नव्या जासुदाची परीक्षा घेतली आहे. १८२४ ते १८२८ या काळांत लंडन व एडिंबरो या दोन शहरांच्या मंडळांत टपालानें सामना झाला. पांच डावांस चार वर्षें लागलीं. एडिंबरोनें दोन डाव जिंकले, एक गमावला व दोन बरोबरींत सुटले. डावाच्या आरंभाच्या ज्या एका पद्धतीस आज जगभर स्कॉच म्हणतात, तिला तें नांव या सामन्यामुळें पडलें. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें त्या सामन्यांतील एक तंटा अधिक महत्त्वाचा आहे. लंडनकरांनीं एक खेळी टपालांत टाकली आणि मागाहून ती परत घेऊं पाहिली. एडिंबरोकरांनीं साफ नकार दिला. समोरासमोरच्या खेळांत मोहऱ्यावरचा हात सुटला कीं खेळी पक्की होते. येथें हात केव्हां सुटला? पत्र लिहिलें तेव्हां, तें टपालाच्या स्वाधीन केलें तेव्हां, कीं तें पोंचलें तेव्हां? दूरच्या पटावर नियमाची पहिली गांठ अशी पडली.

आपला देशहि या प्रयोगांत मागें नव्हता. एडिंबरोचा सामना संपतो न संपतो तोंच मद्रास व हैदराबाद यांच्यामध्यें पत्रानें दोन डाव खेळले गेले, आणि मद्रासच्या गुलाम कासीम यांनीं ते १८२९ सालीं छापलेल्या पुस्तकांत नोंदवून ठेविले. पुढें टपालाच्या खेळांत एक शहाणा दंडक रूढ झाला: पत्र वाटेंत असतांना जे दिवस जातात, ते खेळाडूच्या विचाराच्या काळांत धरावयाचे नाहींत. विचाराचा काळ खेळाडूचा, वाटेचा काळ जासुदाचा. हा भेद लक्षांत ठेवावा. पुढच्या साऱ्या भानगडीची किल्ली त्यांतच आहे.

टपालामागून तार आली. मोर्सची वॉशिंग्टन ते बाल्टिमोर ही तार १८४४ च्या मे महिन्यांत सुरू झाली, आणि त्याच वर्षअखेरीस त्या तारेवरून बुद्धिबळाचे डाव सुरू झाले. पटाच्या घरांना १ पासून ६४ पर्यंत क्रमांक दिले, म्हणजे दोन आंकड्यांत सबंध खेळी मावते. १८९७ सालीं तर ब्रिटिश कॉमन्स सभेचे पांच सभासद आणि अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे पांच सभासद अटलांटिक महासागराखालच्या तारेवरून एकमेकांशीं खेळले. सामना २.५ विरुद्ध २.५ असा बरोबरींत सुटला. दोन्हीं देशांच्या कायदेकर्त्यांना तो निकाल मानवला असावा.

आणि नंतर आपल्या सर्वांच्या ओळखीचा नभोवाणीचा जासूद. १ सप्टेंबर १९४५ रोजीं अमेरिका व सोव्हिएत रशिया यांच्यांत बिनतारी संदेशांनीं सामना सुरू झाला. एका बाजूचे दहा खेळाडू न्यू यॉर्कला, दुसरे दहा मॉस्कोला. प्रत्येक पटावर दोन डाव. सामना चालू असतांनाच, २ सप्टेंबर रोजीं, जपाननें शरणागतीच्या कागदांवर सह्या केल्या. तोफा थांबल्या त्या दिवशीं दोन मोठीं राष्ट्रें प्यादीं-वजिरांनीं झुंजत होतीं. अमेरिकेचा विजेता डेंकर हा बोटविनिककडून दोन्ही डाव हरला. ४ सप्टेंबरला सामना संपला तेव्हां रशियाचे १५.५ व अमेरिकेचे ४.५ गुण होते. तेव्हांपासून बुद्धिबळांतील रशियाचा दरारा जगानें मान्य केला, आणि तो पुढें कित्येक दशकें टिकला. ज्या रशियाशीं पंचाहत्तर वर्षांनीं आपला संघ भिडला, त्याची ही वंशावळ आहे.

२०२० सालीं कोरोनाच्या सांथीनें देशोदेशींचे दरवाजे बंद झाले. त्या वर्षीं रशियांत भरावयाचें बुद्धिबळाचें ऑलिंपियाड पुढें ढकलावें लागलें. तेव्हां जागतिक महासंघानें, म्हणजे फिडेनें, इंटरनेटवरून ऑलिंपियाड भरविलें. दीडशेंहून अधिक देशांचे संघ त्यांत उतरले. संघाची रचना नवी होती: सहा पट, त्यांतील दोन पुरुषांचे, दोन स्त्रियांचे, एक वीस वर्षांखालील मुलाचा व एक मुलीचा. म्हणजे पन्नाशीच्या विश्वनाथन आनंदचा अर्धा गुण आणि नागपूरच्या शाळकरी मुलीचा अर्धा गुण तागडींत सारखेच तोलले जाणार होते. प्रत्येक खेळाडूला पंधरा मिनिटें व दर खेळीमागें पांच सेकंद. आणि मुख्य अट अशी कीं, खेळाडूचा संपर्क तुटला तर त्याचें घड्याळ थांबणार नाहीं. जोडणीची जबाबदारी ज्याची त्याच्यावर.

श्रोत्यांच्या लक्षांत आलें असेल, टपालाच्या काळांत वेगळे ठेविलेले दोन काळ येथें एक झाले. वाटेचा काळहि खेळाडूच्याच खात्यावर पडला. या अटीला सबळ कारण होतें. संपर्क तुटला म्हणून घड्याळ थांबवावें, तर अडचणींत सांपडलेला खेळाडू मुद्दाम तार उपटून विचार करीत बसेल, अशी भीति. लबाडी टाळण्यासाठीं केलेला नियम निरपराध्यालाहि लागतो, ही कायद्याची जुनीच व्यथा आहे.

आपल्या संघांत आनंद, विदित, कोनेरू हंपी, हरिका द्रोणवल्ली, हरिकृष्ण, प्रज्ञानंद, निहाल सरीन, दिव्या देशमुख, वंतिका अगरवाल, गोव्याची भक्ति कुलकर्णी, अशी मंडळी होती. गटांतील शेवटच्या सामन्यांत चीनवर ४ विरुद्ध २ असा जय मिळाला. त्या सामन्यांत मोठे सारे बरोबरींत अडकले आणि प्रज्ञानंद व दिव्या या दोन मुलांनीं आपापले डाव जिंकले. उपांत्यपूर्व फेरींत गांठ आर्मेनियाशीं पडली. पहिल्या भागांत आपण ३.५ विरुद्ध २.५ असे पुढें गेलों. परंतु निहालशीं खेळणाऱ्या हाइक मार्तिरोस्यान याचा संपर्क मध्येंच तुटून त्याचा डाव गेला होता. तो डाव बरोबरींत सुटला असता तर ती फेरी ३–३ झाली असती. आर्मेनियानें तक्रार केली कीं, आमच्याकडील जोडणी शाबूत होती. तपासाअंतीं बिघाड खेळाडूच्याच बाजूचा ठरवून अपील फेटाळण्यांत आलें, आणि आर्मेनियाच्या संघानें पुढें खेळण्याचें नाकारलें. आपण उपांत्य फेरींत गेलों. तेथें पोलंडनें पहिला भाग ४ विरुद्ध २ असा घेतला, दुसरा आपण ४.५ विरुद्ध १.५ असा परत मिळविला, आणि निर्णायक डावांत हंपीनें मोनिका सोच्कोला हरवून संघाला अंतिम फेरींत नेलें.

आतां तो ३० ऑगस्टचा दिवस. समोर रशिया. पहिल्या भागांतील साही डाव बरोबरींत सुटून गुण ३–३ झाले. दुसऱ्या भागांत निकाल अजून अधांतरीं असतांना निहाल व दिव्या यांचा संपर्क तुटला. पुढ्यांतला पट गोठला आणि घड्याळ मात्र धांवत राहिलें. दोघांचेहि डाव वेळ संपून गेले, आणि फलकावर रशियाचे ४.५ व भारताचे १.५ गुण दिसूं लागले.

त्या दिवशीं बिघाड घरचा नव्हता, गांवचा नव्हता, देशाचाहि नव्हता. अमेरिकेंतील सेंच्युरीलिंक या कंपनीच्या जाळ्यांत एक सदोष आज्ञा पसरली होती, आणि तिच्यामुळें जवळजवळ पांच तास जगांतील अनेक ठिकाणचे व्यवहार खोळंबले. खामगांवच्या व्यापाऱ्याच्या काळांत तार तुटली तर ती कोणत्या खांबाजवळ तुटली हें निदान सांगतां येत असे. येथें तर जासूद कोण, तो कोठें अडखळला, हें त्या मुलीला काय किंवा तिच्या प्रतिस्पर्ध्याला काय, त्या घटकेस कळणेंच शक्य नव्हतें.

भारतानें अपील केलें. अपील समितीनें पुरावा पाहिला. परंतु तिचें एकमत होईना. तेव्हां महासंघाचे अध्यक्ष अर्काडी द्वोर्कोविच यांनीं दोन्हीं संघांना सुवर्णपदक देण्याचा निर्णय जाहीर केला. ऑलिंपियाडच्या नांवाखालीं भारतानें मिळविलेलें हें पहिलेंच सुवर्णपदक.

या निर्णयावर दोन्ही बाजूंनीं बोललें गेलें, आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे. एक पक्ष म्हणतो, नियम नियमच. दोन दिवसांपूर्वीं आर्मेनियाला जो लावला तोच भारताला लावावयास हवा होता. दुसरा पक्ष म्हणतो, आर्मेनियाचा बिघाड घरचा होता, भारताचा जगाचा. एकाला टाळतां आला असता, दुसऱ्याला नाहीं. हा भेद खरा आहे, आणि मला तो निर्णय योग्यच वाटतो. परंतु आपण भारतीयांनीं एवढें मोकळेपणानें म्हटलें पाहिजे कीं, गोठलेल्या पटासमोर बसलेल्या मार्तिरोस्यानला आणि गोठलेल्या पटासमोर बसलेल्या दिव्याला त्या क्षणीं जें वाटलें असेल, त्यांत फारसा फरक नसावा. ज्या नियमानें आपण एकदां तरलों त्याच नियमानें आपण पुढें बुडत होतों, आणि एका माणसाच्या विवेकानें वांचलों. न्याय विवेकावर सोडावा लागला याचा अर्थ नियम अपुरा होता. टाळतां येणारा बिघाड कोणता आणि न टाळतां येणारा कोणता, हें डाव मांडण्यापूर्वींच ठरवून ठेवावयास हवें होतें. तें डाव मोडल्यावर ठरविलें गेलें.

या प्रकरणाची एक गंमतीची शेपटीहि आहे. ज्या खेळ्या डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच देशोदेशीं पोंचत होत्या, त्या खेळ्यांचीं पदकें रशियाहून भारतांत यावयास डिसेंबर उजाडला. आणि संघाचे उपकर्णधार श्रीनाथ नारायणन यांना तीं सोडवून घेण्यासाठीं जकात भरावी लागली. नवा जासूद वाटेंत हरवतो, जुना नाक्यावर अडतो, एवढाच काय तो फरक!

वांटून घेतलेल्या सुवर्णाला कित्येकांनीं नाकें मुरडलीं होतीं. त्यांना उत्तर चार वर्षांनीं, आणि तेंहि पटावरच, मिळालें. सप्टेंबर २०२४ मध्यें बुडापेस्टला ऑलिंपियाड भरलें. येथें मध्यें जासूद नव्हता. लांकडी मोहरीं होतीं आणि समोरासमोर माणसें होतीं. भारताच्या खुल्या संघानें अकरा सामन्यांपैकीं दहा जिंकले व एक बरोबरींत सोडविला. विदित गुजराथी त्या संघांत होता. स्त्रियांच्या संघानेंहि सुवर्णपदक मिळविलें. त्याचे कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे होते, आणि तिसऱ्या पटावरचें वैयक्तिक सुवर्ण दिव्या देशमुखनें घेतलें. पुढें जुलै २०२५ मध्यें जॉर्जियांतील बाटुमी येथें तिनें स्त्रियांचा विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यांत समोर होती ती कोनेरू हंपी, म्हणजे जिनें पोलंडविरुद्धच्या त्या निर्णायक डावांत संघाला तारलें होतें तीच. त्या विजयानें दिव्या ग्रँडमास्टर झाली. २०२० सालीं जिच्या घड्याळाचे कांटे तिच्याविना धांवले, तिनें आपला वेळ असा वसूल केला.

परंतु श्रोतेहो, सर्वांनाच तसा वसूल करतां येत नाहीं, आणि मला शेवटीं सांगावयाचें आहे तें हेंच. दूरच्या पटानें एक मोठें काम केलें आहे. बुद्धिबळाचें शिक्षण पूर्वीं मुंबई, पुणें, सांगली, नागपूर अशा ठिकाणीं जाऊन घ्यावें लागे. भाऊसाहेब पडसलगीकरांसारख्या गुरूनें सांगलीस १९४१ सालीं मंडळ काढलें, म्हणून त्या गांवाचें नांव पटावर आलें. आज लोणारच्या किंवा मोताळ्याच्या मुलाला मंडळ गांवांत नसलें तरी प्रतिस्पर्धी मिळतो, तोहि साऱ्या पृथ्वीवरचा. हें पूर्वीं कोणाच्या स्वप्नांतहि नव्हतें. मात्र त्याच क्षणीं त्या मुलाच्या डोक्यावर ती अटहि येते: जोडणी ज्याची त्यानें सांभाळावी. जागतिक संघासाठीं अपील समिति बसते, अध्यक्ष निर्णय देतात, वर्तमानपत्रें लिहितात. घाटाखालच्या एखाद्या गांवीं पावसाळी सायंकाळीं वीज जाऊन जिल्ह्याच्या स्पर्धेंतला डाव मोडला, तर त्या मुलाच्या पदरीं निमूटपणें हार पडते, आणि ती त्याच्या बुद्धीची हार म्हणून नोंदली जाते.

म्हणून जे कोणी शाळांच्या, तालुक्यांच्या, जिल्ह्यांच्या अशा स्पर्धा भरवितात, त्यांनीं ३० ऑगस्ट २०२० चा धडा घ्यावा. एका गांवचीं मुलें एका शाळेंत, एका पंचासमोर, भरंवशाच्या विजेवर बसवावींत. डाव तुटला तर त्याच स्थितीपासून पुढें खेळावयाचा कीं नव्यानें मांडावयाचा, हें आरंभींच लिहून ठेवावें. आणि टपालाच्या खेळांतला तो जुना दंडक पुन्हां वापरांत आणावा, कीं विचाराचा काळ खेळाडूचा आणि वाटेचा काळ जासुदाचा. पंच समोर बसला असला म्हणजे लबाडीची भीति उरत नाहीं, आणि ती उरली नाहीं म्हणजे निरपराध्याला दंड करण्याचें कारणहि उरत नाहीं. यास खर्च फारसा लागत नाहीं. एक खोली, एक पंच आणि आधीं लिहिलेला नियम एवढ्यावर तें साधतें. मग मलकापूरचें मूल मॉस्कोच्या मुलाशीं हरलें तर तें खुशाल हरूं द्यावें. तें पटावर हरलेलें असेल.